४१ मिलिमीटर : अमुंडसन समुद्राकाठच्या खडकांचं प्रकरण

पश्चिम अंटार्क्टिकात, अमुंडसन समुद्राच्या काठाला, बर्फातून कुठे कुठे खडकाची डोकी वर आलेली दिसतात. नजर पोचेल तिथवर पांढरं, आणि मध्येच एखादा काळपट सुळका. अशा सुळक्याला ग्रीनलंडच्या लोकांचा शब्द जगभर रूढ झाला आहे : नुनाटाक. या भागातल्या सहा जागी खडकात भोक पाडून धातूचा खांब बसवला, त्यावर जीपीएसचा अँटेना चढवला आणि शेजारी बॅटऱ्यांची पेटी ठेवली. खांब हलला तर खडकासकटच हलणार, अशी ही मांडणी. काही वर्षांच्या नोंदी जमल्या तेव्हा त्यातला सगळ्यात वेगाने सरकणारा खांब वर्षाला ४१ मिलिमीटरने वर चाललेला निघाला.

४१ मिलिमीटर म्हणजे बोटाची दोन पेरं. ऐकताना काही वाटत नाही. पण भूगर्भाच्या अभ्यासकाला हा आकडा सांगितला तर तो आधी विचारेल, 'अँटेना नीट बसवलाय ना?'

त्याचं कारण स्वीडनमध्ये सापडतं. बर्फाखालून सुटलेली जमीन वर येते हे माणसाने आधी तिथे पाहिलं, आणि पाहूनही ओळखलं नाही. अँडर्स सेल्सिअस, ज्याच्या नावाने आपण तापमान मोजतो तोच, १७३१ मध्ये गेव्हले गावाजवळच्या एका बेटावरच्या शिळेवर पाण्याच्या पातळीची खूण कोरून आला होता. त्या किनाऱ्यावर सील या समुद्री प्राण्याच्या शिकारीसाठी ठरावीक शिळा असत. सील त्यावर येऊन पहुडायचे, त्यामुळे अशा शिळेला भाव असे आणि तिची नोंद कागदोपत्री होई. जुन्या नोंदीतल्या कित्येक शिळा पाण्यातून इतक्या वर आल्या होत्या की सीलांना तिथे चढताच येईना. सेल्सिअसला वाटलं, समुद्र ओसरतोय. खरं तर जमीन उठत होती. आजही बोथनियाच्या आखाताकाठी ती वर्षाला १० मिलिमीटरच्या आसपास उठते. किलोमीटर-किलोमीटर जाडीची हिमचादर तिथून वितळून जवळजवळ १०,००० वर्षं झाली, तरी खालचं प्रावरण, म्हणजे पृथ्वीच्या कवचाखालचा खडकाचा जाड थर, अजून जागेवर परततंच आहे.

या धिम्या परतीवरूनच भूभौतिकशास्त्रज्ञ नॉर्मन हॅस्केल यांनी १९३५ मध्ये प्रावरणाची श्यानता, म्हणजे त्याचा घट्टपणा, काढला. उत्तर आलं १ वर २१ शून्यं इतके पास्कल-सेकंद. त्याच मापात पाणी हजारांश एवढं आणि मध साधारण १० एवढा. पुढे कित्येक दशकं 'पृथ्वीचं प्रावरण' म्हटलं की हाच, किंवा याच्या आगेमागचा, आकडा धरायची रीत पडली. जमीन उठायला दहा हजार वर्षं लागतात हे वाक्य त्यातूनच पाठ्यपुस्तकात शिरलं.

आता अमुंडसनच्या काठाला स्कँडिनेव्हियाच्या चौपट वेग दिसत होता. आणि इथला बर्फ तर गेलेलाही नाही, जायला लागलाय एवढंच.

मोजणी कशी झाली

ही केंद्रं पोलेनेट नावाच्या प्रकल्पाची. २००७-०८ च्या आंतरराष्ट्रीय ध्रुवीय वर्षात तो सुरू झाला आणि पश्चिम अंटार्क्टिकातल्या कामाची धुरा ओहायो स्टेट विद्यापीठाच्या टेरी विल्सन यांच्याकडे होती. बेअर द्वीपकल्प, टोनी माउंटन, इनमन नुनाटाक अशी जागांची नावं. जागा निवडल्या म्हणण्यापेक्षा उरल्या म्हणणं जास्त खरं, कारण खांब ठोकायला खडक लागतो आणि खडक तिथे इतकाच उघडा आहे.

एक केंद्र डोळ्यांसमोर आणून बघा. अक्षांश ७४ ते ७६ दक्षिण. उन्हाळ्यात सूर्य मावळत नाही, तेव्हा सौरपट्टीवर सगळं मजेत चालतं. मे उजाडला की सूर्य जातो तो तीनेक महिने. त्या अंधारात उष्णतारोधक पेटीतल्या बॅटऱ्यांवर यंत्राने जिवंत राहायचं आणि उपग्रहामार्फत नोंदी पाठवत राहायचं. एखादी तार तुटली, एखादा जोड सैल झाला, तर दुरुस्तीला पुढच्या उन्हाळ्याआधी कोणी फिरकणार नाही. तेही विमान उतरेल असं हवामान मिळालं तर. अँटेनावर हिम साचलं की उंची चुकीची दिसते, कारण संदेश त्या थरातून जरा उशिरा पोचतो. शिवाय जीपीएसची उभी मोजणी आडव्या मोजणीपेक्षा नेहमीच कच्ची असते : उपग्रह डोक्यावर असतात, पायाखाली एकही नसतो. एका दिवसाच्या नोंदीत उंची काही मिलिमीटर इकडे-तिकडे होतेच. म्हणून एका दिवसाला इथे किंमत नाही. वर्षानुवर्षांच्या ठिपक्यांतून रेघ काढायची आणि तिचा चढ वाचायचा.

रेघ चढतीच निघाली, आणि एका नव्हे, सगळ्या केंद्रांवर.

संशयितांची यादी

पुढचं काम गुन्हा उकलण्यासारखं आहे, आणि मला या प्रकरणातला हाच भाग सगळ्यात आवडतो. जमीन उठायला कारणं अनेक असू शकतात. खांब त्यातलं कुठलंच नाव सांगत नाही.

हिमवर्षाव? बर्फ पडला की जमीन किंचित दबते, ओसरला की उठते. पण तो हेलकावा असतो, वर जातो आणि खाली येतो. त्यातून सतत चढणारी रेघ निघत नाही.

ज्वालामुखी? हा संशय पोकळ नव्हता. टोनी माउंटन स्वतःच ज्वालामुखी आहे. याच प्रकल्पाच्या भूकंपमापकांनी २०१० आणि २०११ मध्ये पश्चिम अंटार्क्टिकातल्याच मेरी बर्ड लँडच्या बर्फाखाली, २५ ते ४० किलोमीटर खोलीवर, छोट्या भूकंपांचे थवे टिपले होते आणि ते खालच्या शिलारसाच्या हालचालीचे मानले गेले. पण शिलारस फुगला तर एखादा डोंगर उठेल, शेकडो किलोमीटरवर विखुरलेले सहा खडक एका सुरात उठणार नाहीत. इथे उठावाचा नकाशा जिथला बर्फ झपाट्याने घटतोय त्या भागाभोवती बसत होता.

मग उरतो बर्फच. थ्वेट्स आणि पाइन आयलंड या दोन मोठ्या हिमनद्या याच भागात समुद्राला मिळतात. एकट्या थ्वेट्सचं क्षेत्र १,९२,००० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या सहा-दशांशापेक्षा थोडं जास्त. या भागातून दरवर्षी १०० अब्ज टनांहून जास्त बर्फ समुद्रात जातोय. एवढं ओझं उतरलं तर जमीन उठणारच. पण उठण्याचे प्रकार दोन.

आपल्याकडची बाज आणि कापसाची जुनी गादी आठवा. बाजेवरून माणूस उठला की दोऱ्या त्याच क्षणी ताणून सरळ. गादीवरचा खळगा मात्र दुपारपर्यंत तसाच असतो, हळूहळू भरत येतो. पृथ्वी दोन्ही आहे. वरचं कडक शिलावरण बाजेसारखं, आज ओझं उतरलं की आजच उठतं. खालचं प्रावरण गादीसारखं. ते घनच आहे बरं का, रस नव्हे. खालची माती-दगड सगळी पातळ आहे असं चित्र मनात असेल तर पुसून टाका. पण पुरेसा तापलेला घन खडक सावकाश वाहतो, आणि बर्फ जिथून गेला तिथे आजूबाजूने भरत येतो.

बाजेचा हिशेब सोपा. उपग्रहांनी बर्फाची उंची कुठे किती घटली ते मोजलेलंच होतं. त्यावरून लवचीक उठाव काढला, आणि तो ४१ ला पुरा पडेना. उरलेला उठाव गादीच्या माथी मारण्यावाचून गत्यंतर नव्हतं. पण हॅस्केलच्या घट्टपणाची गादी एवढ्या लवकर भरत नाही.

गादी किती मऊ?

डेन्मार्कच्या तांत्रिक विद्यापीठातल्या व्हॅलेंटिना बार्लेटा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हाच प्रश्न उलटा विचारला : प्रावरण किती मऊ धरलं तर सहाही खांबांचे आकडे एकदम जुळतात? जून २०१८ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात त्यांचं उत्तर आलं. ४ वर १८ शून्यं इतके पास्कल-सेकंद. जगाच्या सरासरीपेक्षा कित्येक पटींनी कमी.

याचा काळाशी संबंध कसा लागतो ते कागदावर करून बघण्यासारखं आहे. ओझं उतरलेला टापू ५०० किलोमीटर रुंदीचा धरा. खळगा बराचसा भरायला लागणारा काळ श्यानतेच्या सम प्रमाणात असतो आणि टापूची रुंदी, प्रावरणाची घनता व गुरुत्वाकर्षण यांच्या व्यस्त प्रमाणात. शिलावरणाची जाडी वगैरे बाजूला ठेवून ढोबळ गणित केलं, तर ४ वर १८ शून्यांना उत्तर येतं जवळजवळ १०० वर्षं. श्यानता सव्वाशे पट वाढवा, की तेच उत्तर १२,५०० वर्षांवर जातं. सूत्र तेच, टापू तोच, फक्त खालचा खडक बदलला. शोधनिबंधाचा निष्कर्षही हाच होता : इथली जमीन हजारो वर्षांत नव्हे, काही दशकं ते शंभर वर्षांत प्रतिसाद देते.

यातून एक गंमत निघते, ती पटकन ध्यानात येत नाही. एवढं मऊ प्रावरण हिमयुग विसरून गेलेलं असतं. स्कँडिनेव्हियाची जमीन १०,००० वर्षांपूर्वीचं ओझं आठवत आज उठते. अमुंडसनकाठच्या जमिनीला तेवढी आठवणच नाही. तिथे आज दिसणारा उठाव हा गेल्या शतकाभरातल्या बर्फाच्या घटीचा आहे. म्हणजे इथे हिमयुगाच्या ओझ्यावर बेतलेली जुनी गणिती प्रारूपं वापरून मोजणीत दुरुस्ती करणं म्हणजे आजोबांच्या मापाचा सदरा नातवाला घालणं.

एकाच पुराव्यावर एवढा मोठा निष्कर्ष कोणी मानला नसता. पण शेजारी दुसरा पुरावा तयार होता. २००२ च्या सुरुवातीला अंटार्क्टिक द्वीपकल्पाचा लार्सन बी हा तरंगता हिममंच काही आठवड्यांत फुटून गेला. त्याने अडवून धरलेल्या हिमनद्या सुटल्या आणि भराभर पातळ झाल्या. तिथल्या पामर केंद्राचा जीपीएस तोवर जवळजवळ जागचा हलत नव्हता. त्यानंतर तो वर्षाला ९ मिलिमीटरच्या आसपास उठू लागला. २०१४ च्या अभ्यासात तिथली श्यानता अमुंडसनकाठच्याहूनही कमी निघाली. आइसलंड आणि पॅटागोनियातही उष्ण प्रावरणावरच्या हिमनद्या वितळताना वर्षाला ३० मिलिमीटरहून जास्त उठाव मोजला गेला आहे.

तिसरा पुरावा भूकंपलहरींचा. दूर कुठे मोठा भूकंप झाला की त्याच्या लहरी अंटार्क्टिकाच्या खालूनही जातात. पोलेनेटचे भूकंपमापक त्यांची वेळ टिपतात. थंड, कडक खडकातून लहर झपकन निघते, तापलेल्या खडकातून रेंगाळते. पश्चिम अंटार्क्टिकाच्या या पट्ट्याखाली एस-लहरी (भूकंपलहरींचा एक प्रकार) काही टक्क्यांनी रेंगाळलेल्या दिसतात. काही टक्के म्हणजे थोडं वाटतं, पण तापमान शंभरेक अंशांनी वाढलं तर श्यानता दहाव्या हिश्श्यावर येऊ शकते. कारण भूगोलातच आहे : हा सगळा भाग ताणून पातळ झालेली खचदरी आहे, साधारण साडेआठ कोटी वर्षांपूर्वी न्यूझीलंडचा भूखंड इथूनच तुटून गेला.

पूर्व अंटार्क्टिकाचं मात्र उलटं. तिथे जुनं, थंड, जाड भूखंड आहे. भारताची मैत्री आणि भारती ही दोन्ही केंद्रं त्याच बाजूला. १९८१ च्या डिसेंबरात गोव्याहून निघालेली पहिली भारतीय मोहीम तिकडेच उतरली, आणि आजही सगळा कारभार वास्कोच्या राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्रातून चालतो. भारती जिथे आहे तिथले खडक एकेकाळी आपल्या पूर्व घाटाला चिकटलेले होते. त्या टणक भूमीखाली अमुंडसनचा आकडा वापरला तर तो तितकाच चुकेल, जितका हॅस्केलचा आकडा अमुंडसनला चुकला. एकाच खंडाच्या दोन टोकांना श्यानता शेकडो पटींनी वेगळी. 'सरासरी पृथ्वी' धरून केलेलं एकच गणित त्या सबंध खंडाला लागू पडत नाही.

आकड्याने काय बदललं

पहिली दुरुस्ती हिशेबाची. २००२ पासून ग्रेस नावाचे दोन उपग्रह एकामागोमाग सुमारे २२० किलोमीटर अंतर राखून पृथ्वीभोवती फिरले. खाली वस्तुमान कमी-जास्त झालं की त्यांच्यातलं अंतर सूक्ष्मसं बदलतं, त्यावरून कुठला बर्फ किती घटला ते काढतात. पण हा तराजू आंधळा आहे. वरून बर्फ गेला आणि खालून प्रावरणाचा खडक आला, तर त्याला दोन्हींची बेरीज दिसते. आत आलेला खडक गेलेल्या बर्फाला झाकतो. अमुंडसनच्या भागात ही झाकाझाकी धरली तर गुरुत्वाकर्षणावरून काढलेली बर्फाची घट सुमारे १० टक्क्यांनी वाढवावी लागते. बर्फातून समुद्रपातळीत पडणाऱ्या जागतिक भरीचा चौथा हिस्सा या एका भागातून येतो, तेव्हा ही किरकोळ चूक नव्हे.

दुसरी गोष्ट जास्त गाजली, आणि माझ्या मते जरा जास्तच. इथल्या हिमनद्यांचा तळ समुद्रपातळीच्या खाली आहे, आणि आत जावं तसा तो आणखी खोल होतो. बर्फ जिथे तळ सोडून पाण्यावर तरंगायला लागतो त्या रेषेला ग्राउंडिंग लाइन म्हणतात. उबदार पाण्याने ती मागे सरकली की ती जास्त खोल पाण्यात जाते, तिथला बर्फ जास्त जाड, म्हणून जास्त वेगाने बाहेर ओतला जातो, म्हणून रेषा आणखी मागे. उतारावर ब्रेक सुटलेल्या हातगाडीसारखं. जमीन झपाट्याने उठली तर त्या रेषेशी पाणी उथळ होतं, तळाचा उतार कमी होतो, एखादा बुडालेला उंचवटा वर येऊन तरंगत्या बर्फाला टेकू देतो. शिवाय बर्फाच्या प्रचंड वस्तुमानाने ओढून धरलेलं समुद्राचं पाणी, बर्फ घटला की, तिथून थोडं मागे हटतं. म्हणजे गाडीच्या चाकाखाली दगड सरकवणारा कोणीतरी आहे. बार्लेटांच्या चमूने म्हटलं, की पश्चिम अंटार्क्टिकाची हिमचादर एकदम कोसळण्याचा धोका यामुळे कमी होऊ शकतो.

'होऊ शकतो' यातच सगळं आहे. दगड सरकवणाऱ्याला वेळ लागतो. २०१९ मध्ये थ्वेट्सचं जे प्रारूप मांडलं गेलं, त्यात या उठावाने माघार दोन दशकांच्या आसपास लांबते असं दिसलं, पण ते २३५० च्या सुमाराला. या शतकाच्या अखेरपर्यंत फरक नगण्य.

मग २०२४ मध्ये मॅकगिल विद्यापीठाच्या नताल्या गोमेझ यांच्या चमूने सबंध अंटार्क्टिकाखालच्या प्रावरणाचा खराखुरा उंच-सखल, मऊ-टणक नकाशा घेऊन गणित केलं. हरितगृह वायू कमी सोडले आणि बर्फ सावकाश हटला, तर जमिनीला उठायला सवड मिळते आणि अंटार्क्टिकामुळे वाढणारी समुद्रपातळी ४० टक्क्यांपर्यंत कमी राहू शकते. पण तापमान जोरात वाढलं आणि बर्फ जमिनीच्या पुढे पळाला, तर तोच उठाव उलटतो. बर्फ गेलेल्या जागी समुद्र शिरलेला असतो, आणि खालून उठणारा तळ ते पाणी बाहेर ढकलतो. बादलीत पाणी असताना तळ वर दाबावा तसं. २०२१ च्या एका अभ्यासाप्रमाणे, हिमचादर कोसळली तर या ढकललेल्या पाण्यामुळे पुढच्या हजार वर्षांत जगाच्या समुद्रपातळीत आणखी सुमारे एक मीटरची भर पडू शकते.

आणि ते पाणी सगळीकडे सारखं वाढत नाही. पश्चिम अंटार्क्टिकाजवळचा समुद्र खाली जातो, दूरचा वर येतो. जेरी मित्रोविका, गोमेझ आणि पीटर क्लार्क यांनी २००९ मध्येच दाखवलं होतं, की ती हिमचादर कोसळल्यास सरासरीपेक्षा जास्त वाढ उत्तर अमेरिकेच्या किनाऱ्यांवर आणि हिंदी महासागरात होईल. म्हणजे मुंबई आणि कोकणपट्टी या बाबतीत चुकीच्या रांगेत उभी आहे.

राहिला खांबांचा प्रश्न. सहा केंद्रांवरून काढलेली श्यानता ही त्या सबंध पट्ट्यासाठी बसणारी एक संख्या आहे. प्रत्यक्षात टोनी माउंटनखाली आणि किनाऱ्याखाली ती एकच असेल असं धरायला काही आधार नाही, भूकंपलहरी तर शेदीडशे किलोमीटरवरही फरक दाखवतात. थ्वेट्सच्या खोऱ्याच्या मधोमध, जिथे रेषा मागे सरकण्याची सगळ्यांना धास्ती आहे, तिथे अँटेना ठोकायला उघडा खडकच नाही. तिथलं प्रावरण किती मऊ आहे हे अजून खोऱ्याच्या कडेला उभ्या असलेल्या खांबांकडूनच काढावं लागतं.